चौथा परिच्छेद

आमच्या तालुक्याच्या गावात शाळेच्या मागे कोंडवाडा होता. कुणाची गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की नगरपालिकेचा माणूस तिला हाकत आणून तिथे कोंडायचा आणि मालकाने पैसे भरले की सोडायचा. मधल्या सुट्टीत आम्ही पोरं भिंतीवर चढून आत बघायचो. आपल्या हातून काही गुन्हा झालाय याचा गायीला पत्ताही नसायचा. ती निवांत रवंथ करत बसलेली असायची. घाम फुटलेला असायचा तो बाहेर उभ्या असलेल्या मालकाला.

पुढे ज्या व्यवसायात माझी तीस वर्षं गेली, त्याविषयी कुणी विचारलं की मी हा कोंडवाडाच सांगतो. परदेशातून मागवलेल्या मालाच्या कागदांत खोट निघाली, म्हणजे किंमत कमी दाखवली, वर्णन चुकीचं दिलं किंवा लागणारा परवाना नसला, तर कस्टम्स तो माल जप्त करू शकतं. पण तो सगळा माल ठेवून घेऊन सरकार तरी काय करणार? म्हणून कायदा मालकाला एक वाट ठेवतो: दंड भरा आणि आपला माल सोडवून न्या. इंग्रजीत याला रिडेम्प्शन फाइन म्हणतात. चिंचवडच्या आमच्या ऑफिसात आम्ही ‘सोडवणुकीचा दंड’ म्हणायचो. हा दंड मालाचा. माणसाला शिक्षा म्हणून वेगळी पेनल्टी लागते. गायीचं वेगळं, गुराख्याचं वेगळं, असं मी नव्या गिऱ्हाइकांना समजावून सांगायचो, आणि खेड्यातून आलेल्या कारखानदारांना ते इंग्रजीपेक्षा लवकर कळायचं.

आमचं काम या दंडाचे वाद लढवायचं. दंड लागायलाच नको होता, लागला तर कमी लागायला हवा होता, असं अर्जांतून आणि सुनावण्यांतून मांडायचं. नाना तऱ्हेची माणसं यायची. एका व्यापाऱ्याची व्यायामाची यंत्रं सुटून आली, त्यांनी ती विकूनही टाकली, आणि मग नोटीस आली. ते म्हणाले, “भाऊ, गाय तर विकली. आता कोंडवाड्यात मला उभं करणार का?” माल समोर नसेल आणि सोडताना हमीपत्रही घेतलेलं नसेल, तर सोडवणुकीचा दंड नेमका कशाचा, या एका प्रश्नावर कित्येक वकिलांची घरं उभी राहिली आहेत. दुसऱ्या एका शेठनी दंडाची पावती फ्रेम करून गणपतीशेजारी लावली होती. त्यांचं म्हणणं, माल सुटला ही त्याचीच कृपा.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो आणि आठवण आली ती निघोज्याच्या बबनरावांची. आडनाव लिहीत नाही.

त्याआधी थोडं स्वतःविषयी. माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. धान्य मापताना पहिलं माप टाकलं की ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. हा मोजण्याचा सूर माझ्या कानात अजून आहे. वडिलांना अक्षरओळख नव्हती. घरात कागद आला की दुसऱ्याच्या दारात जावं लागे, आणि वाचणारा त्यातलं त्याला वाटेल तेवढंच सांगे. मी चौथीत गेलो आणि वडिलांनी ते दार बंद केलं. संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचे, कागद माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, “आधी सगळं वाच. तुझं डोकं मागनं चालव.” पुढे इंग्रजीच्या देशमुख सरांनी मला अर्ज लिहायला शिकवलं, स्वतःच्या खिशातून कॉलेजची फी भरली, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी भोसरीत चार जणांच्या खोलीत येऊन पडलो. सरांचं ऋण या लेखात फेडून होणार नाही, पण नोंदवून ठेवतो.

बबनराव ऑफिसात आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो घेऊन. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाताची बोटं तेलाने कायमची काळपटलेली. माझ्या टेबलावर फोटो ठेवून त्यांनी विचारलं, “हे हितं आणायला काय काय लागतंय?”

फोटोत एक हिरवट रंगाचं जुनं मशीन होतं. जिग बोअरिंग मशीन. मला काहीच कळलं नाही हे त्यांनी ओळखलं.

“ड्रिल मशीन काय करतं? भोक पाडतं. ह्ये मशीन भोक कुठं पाडायचं त्ये जाणतं. केसाचे वीस भाग केलेस, तर त्यातल्या एका भागाचीबी चूक करत न्हाई.”

पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खात्यात, त्यांनी अशा मशीनवर बावीस वर्षं काम केलं होतं. टूलरूम बंद झाली, माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली आणि मशीन लिलावात भंगारवाल्याला गेलं. भंगारवाल्याला ते अख्खं उचलवेना. “माझ्यासमोर घणानं फोडलं राव,” बबनराव म्हणाले. “बिडाचं अंग. घंटंसारखं वाजत व्हतं.” मग एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचे पैसे आले. भावाने त्यात गाडी घेतली, चुलत्याने मंगल कार्यालय काढलं. बबनरावांनी घराशेजारी शेड बांधली आणि तसंच मशीन जगभर शोधायला लागले. युरोपातला एक छोटा कारखाना बंद होत होता. मालकाच्या वारसांना जागा लवकर रिकामी करायची होती. त्यांनी ते मशीन स्वस्तात काढलं.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. ड्रॉइंग मात्र इंजिनियरहून बरं वाचायचे. इंग्रजी कागद आला की तो घेऊन शनिवारी ऑफिसात यायचे, सोबत घरची वांगी नाहीतर हरभऱ्याचा डहाळा. कागद पुढे सरकवायचे, “वाच रे माणिक,” म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ऑफिसातल्या बाकीच्यांसाठी मी चव्हाण होतो. या माणसाने पहिल्या शनिवारपासून मला ‘अरे’ केलं, आणि मला घरी बसल्यासारखं वाटायचं.

मशीन जहाजातून उतरून आपल्या भागातल्या कंटेनर डेपोत आलं. तिथे कस्टम्सचे अधिकारी माल तपासतात, जुन्या मशीनची किंमत बरोबर आहे का ते बघतात. मी बबनरावांना आदल्या दिवशी बजावलं होतं, “तिथं काही बोलायचं नाही. विचारलं तर ‘जुनं आहे’ एवढंच.” त्यांनी मान डोलावली होती.

कंटेनर उघडला. लाकडी खोक्याच्या फळ्या काढल्या. बबनरावांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, मशीनच्या टेबलावरचं ग्रीस एका कोपऱ्यातून पुसलं आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. तरुण अधिकारी उत्तरेकडचे होते. त्यांनी सहज विचारलं, “कैसी है मशीन?”

“साहब, ऐसी मशीन अख्ख्या पुण्यात नाय,” बबनराव म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “लाखमोल की चीज है. जिसने बेची ना, उसको अक्कल नहीं.”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं. मालकच म्हणतो की मशीन मोलाचं आहे आणि कागदावर किंमत एवढीशी, म्हणजे खरी किंमत लपवली असणार. त्या साहेबांचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक आपल्याच मालाची इतकी तारीफ करतं, हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “सांगितलं होतं ना, गप्प बसा म्हणून?”

“आरं, त्यानं इचारलं,” बबनराव म्हणाले. “तोंडावर कसं वाईट बोलायचं?” कुणाच्या तोंडावर, हे कळायला मला एक क्षण लागला. त्यांना मशीनच्या तोंडावर म्हणायचं होतं.

आता डेपोचं भाडं दिवसादिवसाने चढायला लागलं. अशा वेळी आमच्याकडे एक ठरलेला अर्ज असे. आम्हाला नोटीस नको, सुनावणी नको, जो निर्णय असेल तो लवकर द्या, दंड कमीत कमी लावा. बहुतेक सगळे हाच अर्ज देत, कारण भांडण्यात महिने गेले तर भाडंच दंडाच्या वर जाई. अर्जाला पाच परिच्छेद होते. चौथ्यात लिहिलेलं असे, की माल जुना, झिजलेला, जवळपास भंगाराच्या लायकीचा आहे. यामुळे दंड खरंच कमी व्हायचा. मी तो अर्ज शेकडो वेळा काढला होता.

त्या शनिवारी बबनराव आले, डोळे मिटून बसले. “वाच रे माणिक.”

मी पहिला परिच्छेद मराठीत सांगितला. दुसरा सांगितला. तिसरा सांगितला. चौथ्याच्या पहिल्या शब्दावर नजर गेली आणि घणाने फोडलेलं ते बिडाचं अंग आठवलं. हा माणूस यावर सही करणार नाही, हे मला माहीत होतं. भाडं चढत होतं हेही माहीत होतं. मी सरळ पाचव्यावर गेलो.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

त्यांनी सही केली. मला त्या वेळी वाईटही वाटलं नाही. उलट, एका भाबड्या माणसाचं आपण हुशारीने भलं करतोय असंच वाटलं. शिक्षणाने आलेला हा माज कुठल्या परीक्षेत नापास करत नाही.

निर्णय झाला. घोषित किंमत नामंजूर, मशीन जप्त, आणि दंड भरून सोडवून नेण्याची मुभा. दंड आमच्या अंदाजापेक्षा मोठा होता. तारीफ कागदावर होती, तिच्यापुढे अर्जाचं काही चाललं नाही. बबनरावांनी घराच्या वरच्या मजल्याचं काम थांबवलं आणि ते पैसे भरले. मशीन निघोज्याला गेलं. आम्ही पुण्यात अपील केलं.

सुनावणीला आमच्या ऑफिसचे मालक, शेठ, मुंबईत अडकले म्हणून मी आणि बबनराव दोघेच गेलो. अपिलाच्या अधिकारी वयस्कर बाई होत्या, विदर्भाकडच्या. फाईल उलटत त्या मराठीतच म्हणाल्या, “काका, मला एक सांगा. डेपोत तुम्ही म्हणालात, असं मशीन पुण्यात नाही. आणि तुमच्या सहीच्या अर्जात चौथ्या परिच्छेदात लिहिलंय, मशीन झिजलेलं आहे, भंगाराच्या लायकीचं आहे. यातलं खरं काय?”

बबनरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. कागद आणून देणाऱ्या पोस्टमनकडे माझे वडील जसे बघायचे, तसे ते बघत होते. यात काय आहे ते आपल्याला कळत नाही आणि समोरच्याला कळतं, असं.

मी डोळ्यांनीच विनवलं. अर्जच खरा म्हणा. दंड उतरेल. माझीही अब्रू राहील.

बबनराव उठून उभे राहिले. “बाई, सही माझी हाय,” ते म्हणाले. मला वाचून दाखवलं नाही, असं ते बोलले नाहीत. “सही म्या नाकारत न्हाई. पण मशीन भंगार न्हाई. त्या डेपोत म्या बोललो, त्येच खरं.”

“मग किंमत कमी का दाखवली?”

“दाखवली न्हाई. तेवढीच दिली. बँकेतनंच गेलेत पैसे, बघा की. इकणाऱ्याला त्याचं मोल कळलं न्हाई, ह्यो माझा गुन्हा हाय व्हय?”

बाईंनी बँकेचे कागद मागितले. ते फाईलमध्ये होतेच, सगळ्यात खाली, मीच लावलेले. कायदा जवळजवळ हेच म्हणतो, की दिलेली खरी किंमत तीच किंमत. आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्या चौथी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात मांडला. मी मात्र तो सोडून एका खोट्या ओळीच्या भरवशावर बसलो होतो.

परतताना ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते. नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, “मला इचारलं असतंस तर?”

“तुम्ही सही केली नसती.”

“न्हाईच केली असती.”

“मग मशीन तिथंच पडलं असतं, भाडं चढत.”

“व्हय,” ते म्हणाले. “पण त्ये माझं म्या बघितलं असतं.”

सिग्नल सुटला.

दोनेक महिन्यांत निकाल आला. काही कागद वेळेवर न दिल्याबद्दल थोडी पेनल्टी राहिली, सोडवणुकीचा दंड पूर्ण रद्द. बबनराव पेढे घेऊन ऑफिसात आले. सगळ्यांना वाटले. माझ्यापुढे पुडा धरून म्हणाले, “घ्या साहेब.”

शेठना वाटलं, केवढा मान दिला. मला कळलं ते मलाच कळलं.

निकालाचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला नाही. नात सायली तेव्हा पाचवीत होती, इंग्रजी शाळेत. तिने अडखळत अडखळत वाचून दाखवला म्हणे. त्यानंतर त्यांचे शनिवार बंद झाले. संबंध तुटले असं मुळीच नाही. दसऱ्याला दरवर्षी बोलावणं यायचं. शेडमध्ये ते मशीन झेंडूच्या माळा घालून उभं असायचं, बबनराव मला पुढे बसवायचे, “या साहेब, बसा साहेब,” म्हणायचे, आपट्याची पानं हातावर ठेवायचे. पूजा झाली की मशीन क्षणभर चालू करायचे. त्याचा आवाज फार हलका, जवळ जाऊन ऐकावा लागणारा. मी ऐकायचो आणि घरी यायचो.

मधल्या काळात वडील गेले. देशमुख सर गेले. माझं रावेतला घर झालं. आमचं कामही बदललं. आता फाईल पडद्यावर जाते, कुठल्या शहरातला अधिकारी ती बघतो ते कळत नाही, सुनावणी पडद्यावरच होते. हे चांगलंच आहे, हेलपाटे वाचले. पण शेवटच्या काही वर्षांत मी शेकडो मशीनचे वाद लढवले आणि त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलं नाही. त्यावर तळहात ठेवून उभा राहिलेला माणूसही नाही. निवृत्त झाल्यावर शनिवारी सकाळी मी उगाचच लवकर आवरून बसायचो. पोरं, सुना आपापला मोबाईल वाचत असतात. मला वाच म्हणणारं कुणी उरलेलं नव्हतं.

यंदा पितृपंधरवड्याच्या आधी सायलीचा फोन आला. ती आता इंजिनियर आहे, शेडमध्ये नवी संगणकावरची मशीनं आली आहेत, तीच सगळं बघते. “काका, आजोबांचं मशीन विकतोय. कोल्हापूरकडचे एक जण घेतायत, चालवणार आहेत ते. करारावर आजोबांची सही हवी. मी वाचून दाखवला, तर म्हणतात, माणिकला बोलव.”

मी निघोज्याला गेलो. बबनरावांना आता नीट दिसत नाही. खाटेवर बसले होते. पावलं ऐकून म्हणाले, “या साहेब. बसा.” सायलीने माझ्या हातात कागद दिला. दोन पानं, इंग्रजी.

बबनरावांनी डोळे मिटले.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. खरेदीदाराचं नाव, पत्ता, पिन कोडसुद्धा. एकेक परिच्छेद वाचला, मराठीत सांगितला, पुढचा घेतला. सहाव्यावर आलो आणि थांबलो. तिथे लिहिलं होतं, की यंत्र जुनं असून वापराने झिजलेलं आहे, विक्रेता त्याची कोणतीही हमी देत नाही.

शेडमधून नव्या मशीनचा आवाज येत होता.

“थांबलास का?” बबनराव म्हणाले.

मी वाचलं. शब्द न शब्द. झिजलेलं म्हणजे झिजलेलंच सांगितलं.

त्यांनी उजवा तळहात खाटेच्या दांडीवर हळू टेकवला, त्या दिवशी डेपोत मशीनवर ठेवला होता तसा.

“आता खरं हाय,” ते म्हणाले. “तवा न्हवतं. आता झिजलंय. ऱ्हाऊ दे त्ये. पुढं वाच.”

मी शेवटपर्यंत वाचलं, पानाच्या तळाचा क्रमांकही. सायलीने त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली. त्यांनी सावकाश सही केली.

“हितं खाली काय हाय?” कागदावर बोट फिरवत त्यांनी विचारलं.

“साक्षीदार, आजोबा. कुणीही चालतो.”

“मग माणिक करल की.”

त्यांनी पेन माझ्या दिशेने धरलं. तीस वर्षं मी इंग्रजीतच सही करत आलो, घाईघाईची, वेटोळ्याची. त्या दिवशी मराठीत केली. पूर्ण नाव लिहिलं, मधे वडिलांचं.